सायीचा पांढरा की राखाडी पांढरा?

मैत्रिणींनो, घराला रंग द्यायचा ठरला की घरात दोन पक्ष पडतात, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको. पूर्वी हे पक्ष हिरव्याचे आणि गुलाबीचे असत. आता भांडण असते ते पांढऱ्याचे आणि पांढऱ्याचे! रंगाच्या दुकानातले शेडकार्ड उघडा. पांढऱ्याच्याच घरात तीस-चाळीस चौकोन दिसतील. त्यातला एक दुधावरच्या सायीसारखा, त्याच्या शेजारचा चिमूटभर राख मिसळल्यासारखा. दोघांत फरक आहे हे कळते, पण कोणता आपला हे कळत नाही. मग घरातली पुरुषमंडळी म्हणतात, "दोन्ही सारखेच तर आहेत, कोणताही द्या लावून." रंगारीही मान डोलावतो. त्याला काय, आठ दिवसांनी तो शिडी उचलून दुसऱ्या घरी जाणार. त्या चार भिंतींत पुढची सात-आठ वर्षे काढायची आहेत ती आपल्याला.

म्हणून आज हा विषय घेतला आहे. बोलण्याच्या सोयीसाठी पहिल्याला आपण 'सायीचा' म्हणू आणि दुसऱ्याला 'राखाडी'. कार्डावर हे दोघे जुळे भाऊ वाटतात. भिंतीवर मात्र त्यांचे स्वभाव अगदी निराळे निघतात. ते का, आणि आपण कसे ओळखायचे, एवढेच सांगायचे आहे.

एकच पांढरा होता तेव्हा

आपल्या खानदेशात जुनी घरे धाब्याची. मातीच्या जाड भिंती, वर मातीचे सपाट धाबे, खिडक्या मोजक्या आणि लहान. बाहेर उन्हाचा वणवा पेटला तरी आत गारवा राहावा म्हणून ही रचना. पण गारव्याबरोबर अंधारही येतो. त्यावर उपाय म्हणजे पांढऱ्या मातीचा पोतेरा किंवा चुन्याचा हात. श्रावणात कानबाई यायची असली की घर झाडून, सारवून, चुना देऊन लख्ख करायची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. चुना भिजवताना त्यात थोडी नीळ टाकत. चुना भिंतीवर ओला असताना मळकट दिसतो, वाळला की पांढराशुभ्र होतो. तेव्हा निवड नव्हती, म्हणून वादही नव्हता.

पुढे कंपन्यांचे रंग आले. मुंबईत १९२० साली लोअर परळला गहागन पेंट्स निघाली, तीच पुढे नेरोलॅक झाली. १९४२ साली मुंबईतच एशियन पेंट्सची सुरुवात झाली. आधी डिस्टेंपर, मग ऑइल बाउंड डिस्टेंपर, मग प्लास्टिक पेंट. आता तर तालुक्याच्या दुकानातही यंत्र असते. पांढऱ्या रंगाचा डबा त्याच्याखाली ठेवतात आणि यंत्र मोजून रंगाचे थेंब सोडते. ह्या थेंबांमुळेच एका पांढऱ्याचे चाळीस पांढरे झाले आहेत.

पांढऱ्याच्या आत काय दडलेले असते?

हे कळायला रंगाचे शास्त्र नको, आपली धुण्याची बादली पुरे. पांढरे कपडे जुने झाले की पिवळट पडतात. आपण नीळ देतो. निळीने पिवळेपणा झाकला जातो आणि कपडा जास्त पांढरा भासतो. नीळ जास्त पडली की तोच सदरा निळसर दिसून सगळ्यांच्या नजरेत भरतो. म्हणजे 'पांढरा' हा एक रंग नसून पिवळ्या आणि निळ्या टोकांमधली वाट आहे. सायीचा त्यातल्या पिवळ्या बाजूला उभा असतो, राखाडी बहुधा निळ्या बाजूला.

बहुधा म्हटले, कारण राखाडीतही जाती आहेत. पांढऱ्यात नुसती काजळी मिसळली तर निळसर, थंड राखाडी होतो. त्यातच थोडी पिवळी माती टाकली तर तो उबदार होतो, सुक्या गवतासारखा. अजिंठ्याच्या लेण्यांत काम करणाऱ्या चित्रकारांकडे हाच सामान होता: पांढरी माती आणि चुना, दिव्याची काजळी, गेरू, पिवळी माती. आजच्या यंत्रातूनही पांढऱ्या डब्यात पडतात ते थेंब मुख्यतः काळ्याचे, पिवळ्याचे आणि तांबड्याचेच. म्हणून दुकानात कोड नंबर दिलात की दुकानदाराला जरूर विचारा, "ह्यात कोणकोणते थेंब पडतात?" यंत्राच्या पडद्यावर ते सगळे मापासकट दिसते. पिवळा जास्त की काळा, एवढे कळले तरी अर्धे काम झाले.

आणि एक साधी युक्ती. शेडकार्डावरचा चौकोन एकटा बघू नका. त्याच्याशेजारी वहीचा कोरा पांढरा कागद ठेवा. लगेच दडलेला रंग बाहेर येतो. जो नुसता पांढरा वाटत होता तो पिवळट, गुलाबी, हिरवट किंवा निळसर असल्याचे चटकन दिसते.

थोडे गणित

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा फळा आणि खडू सुटत नाही. दोन मिनिटे हे गणित बघाच, कारण सगळा घोळ इथेच आहे.

प्रत्येक रंग आपल्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग परत फेकतो. रंगाच्या कंपन्या त्याचा आकडा देतात, शून्य ते शंभर. काळ्याचा आकडा शून्याजवळ, शुभ्र पांढऱ्याचा शंभराकडे. चांगला सायीचा पांढरा सुमारे ८० चा असतो. फिका राखाडी सुमारे ६० चा. फरक वीसचा. 'एवढ्याने काय होते?' असे तुम्ही म्हणाल.

पण घरात उजेड एकदाच आपटून थांबत नाही. खिडकीतून येतो, एका भिंतीवर पडतो, तिथून दुसरीवर, तिथून तिसरीवर. ८० च्या भिंतीवर शंभर भाग उजेड आला तर पहिल्या आपटीनंतर ८० राहतो, दुसऱ्यानंतर ६४, तिसऱ्यानंतर ५१. ६० च्या भिंतीवर हाच हिशेब ६०, मग ३६, मग २२. म्हणजे खिडकीपाशी दोन रंगांत थोडाच फरक वाटतो, पण घराच्या आतल्या कोपऱ्यात एका घरी उजेड निम्मा उरतो आणि दुसऱ्या घरी पाव भागही उरत नाही.

उजेडाचे जसे होते तसेच रंगाच्या छटेचेही. समजा सायीचा रंग पिवळा उजेड ८५ भाग परत फेकतो आणि निळा ७० भाग. तीन आपट्यांनंतर पिवळा ६१ उरतो आणि निळा ३४. कार्डावर नावापुरता असलेला पिवळेपणा चार भिंती मिळून असा वाढवतात. म्हणूनच घराघरांत ऐकू येते, "कार्डावर तर असा नव्हता!" रंग तोच असतो. फक्त कार्डावर एक चौकोन होता, घरात चार भिंती एकमेकींना आपला रंग देत बसलेल्या असतात.

एक लक्षात ठेवा. हा आकडा उजेड सांगतो, छटा सांगत नाही. अमेरिकेतल्या शेर्विन-विल्यम्स कंपनीचे 'अग्रीएबल ग्रे' आणि 'रिपोज ग्रे' हे दोन राखाडी फार खपतात. एकाचा आकडा ६०, दुसऱ्याचा ५८. उजेडात फरक जवळजवळ नाहीच. तरी पहिला भिंतीवर वाळूकडे झुकतो आणि दुसरा थंड दिसतो. म्हणून तिकडच्या गृहिणीही ह्या दोघांत अडकतात. तेव्हा आपणच गोंधळलो असे समजू नका.

माजघराकडे आधी बघा

आपल्या गावातली बरीच घरे एका रांगेतली, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढे ओटा आणि बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि परसू, मध्ये माजघर. माजघराला खिडकी नसते. तिथे पोचणारा उजेड दोन-तीन आपट्या खाऊनच येतो. आता वरचे गणित आठवा.

आमच्या गल्लीतल्या एका घरी गेल्या वर्षी सगळ्या खोल्यांना एकच राखाडी दिला. बैठकीत तो खरोखर सुरेख दिसतो, येणारा-जाणारा वाखाणतो. पण माजघरात शहाबादी फरशी आहे, तीही करडीच. घरातल्या आजींची खाट तिथेच. स्वयंपाकघरात उतरायला एक पायरी आहे. फरशी करडी, भिंत करडी, पायरी करडी. आजींना पायरी दिसेना. दोनदा ठेचकाळल्या, तिसऱ्यांदा पडल्या. हाड मोडले नाही एवढेच नशीब. सुनेने दुसऱ्याच दिवशी पायरीच्या कडेला विटकरी रंगाचा चार बोटे रुंद पट्टा ओढून घेतला आणि दिवाळीत माजघर पुन्हा पांढरे केले. पुन्हा रंगाऱ्याची मजुरी, पुन्हा सामान हलवणे!

वयाबरोबर डोळ्यांत शिरणारा उजेड कमी होत जातो. बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळट आणि गढूळ होते. तुम्हा-आम्हाला जो कोपरा 'शांत' वाटतो, तो सत्तरीच्या माणसाला काळोखा असतो. म्हणून ज्या खोलीत म्हातारे माणूस वावरते किंवा मुले अभ्यासाला बसतात तिथे आकडा ८० च्या खाली जाऊ देऊ नये. राखाडीची हौस बैठकीत भागवावी. छत सगळीकडे शुभ्र पांढरेच ठेवावे. आणि भिंत-फरशी एकसारखी असेल तर पायरी व उंबरठा यांना वेगळा, गडद रंग द्यावाच.

आणखी एक गंमत. मोतीबिंदू असताना पिवळट भिंगातून सगळेच पिवळे दिसते. सायीचा आणि पांढरा यांतला फरक कळत नाही. ऑपरेशन झाले की निळा उजेड पुन्हा डोळ्यांत शिरतो, पांढरे एकदम निळसर आणि लख्ख दिसू लागते. त्याच आजींना तुम्ही आता विचारलेत तर भिंतीविषयी त्यांचे मत बदललेले असेल. तेव्हा सासू म्हणते एक, सून म्हणते एक, आणि दोघीही खोटे बोलत नसतात, असे होऊ शकते!

आपले ऊन, आपली दिशा

घरसजावटीच्या परदेशी पुस्तकांत लिहितात की उत्तरेच्या खोलीला उबदार रंग द्या. ते थंड देशांतले लिहिणे आहे. आपण रावेरकर कर्कवृत्ताच्या जेमतेम सव्वादोन अंश खाली. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या आसपास. आपल्याला उबेची काय मातब्बरी?

तरी दिशेचा विचार आपणही करायला हवा. मे अखेर ते जुलैचा मध्य सोडला तर आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. त्या उजेडात निळसर राखाडी आणखी निळा, थोडा उदास दिसतो. तिथे सायीचा शोभतो, त्याचा पिवळेपणाही आटोक्यात राहतो. पश्चिमेच्या खोलीचे उलट. दुपारी तीननंतर तिथे पिवळेजर्द ऊन शिरते. सायीचा रंग त्यात लोण्यासारखा पिवळा होतो आणि खोली डोळ्यांना अधिकच तापलेली वाटते. तिथे राखाडी चांगला. उन्हाचा पिवळा आणि त्याचा निळा एकमेकांना सांभाळून घेतात.

पण गैरसमज नको. आतल्या भिंतीच्या रंगाने खोली 'थंड दिसते', थंड होत नाही. उष्णता कमी करायची असेल तर गच्चीला पांढरा रंग किंवा चुना द्या, ऊन तिथूनच परतते. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेशी लढायची योजना आखली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करायला घेतली, ती ह्याच कारणासाठी.

दिव्याचा रंग विसरू नका

साडी घेताना आपण काय करतो? दुकानातल्या झगमगाटात पसंत पडली तरी ती उचलून दारापर्यंत नेतो आणि दिवसाच्या उजेडात बघतो. मॅचिंग ब्लाऊजपीस दुकानात जुळतो आणि घरी आल्यावर विजोड निघतो, हा अनुभव कोणाला नाही? मग पाचशे रुपयांच्या साडीला जी काळजी, ती अख्ख्या घराच्या रंगाला का नको?

आता घरोघरी एलईडी दिवे आहेत. २०१५ साली उजाला योजना सुरू झाली तेव्हापासून तर फारच. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा उजेड, ३००० च्या आसपास म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा, ४००० म्हणजे मधला. ६५०० च्या दिव्याखाली निळसर राखाडी इस्पितळासारखा दिसतो. ३००० च्या दिव्याखाली सायीचा हळदीकडे झुकतो. रंग देऊन झाल्यावर जर शेजारीण म्हणाली, "काऊन व माय, भिंत पिवयी दिसू राह्यली?" तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी दिवा बदलून बघा. शंभर-दीडशे रुपयांत काम होईल.

डाग, धूळ आणि ओल

आपली जमीन काळी, वारा सुटला की घरभर बारीक धूळ. सायीच्या भिंतीवर मुलांच्या हातांचे ठसे आणि बटणांभोवतीचा मळ लवकर दिसतो. राखाडी तो झाकतो. पण राखाडीचेही दुखणे आहे. भिंतीला ओल असेल तर लोणा फुटतो, त्याचे पांढरे चट्टे राखाडीवर उठून दिसतात. सायीच्यावर ते लपतात. म्हणून ओलीची भिंत असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त, मग रंगाची चर्चा. केळीचा चीक मात्र दोघांचाही वैरी! तो वाळला की तपकिरी काळा होतो आणि धुऊन जात नाही. केळीचे घड किंवा पाने जिथे टेकवता, त्या भिंतीला खाली कमरेइतका गडद ऑइलपेंटचा पट्टा घ्यावा हे बरे.

असे करून बघा

मोबाइलवरचा रंग पाहून ठरवू नका. कॅमेरा आपल्या मर्जीने पांढऱ्याला पांढरे करून टाकतो, आणि पडदा प्रत्येकीचा निराळा.

दोन्ही रंगांचे सर्वांत लहान डबे आणा. पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे घ्या, हात-दीड हात लांब-रुंद. प्रत्येकाला एकेका रंगाचे दोन हात द्या, कडेने बोटभर पांढरी जागा सोडा. जुन्या हिरव्या-निळ्या भिंतीवर थेट नमुना लावला तर शेजारचा रंग नजरेला फसवतो, म्हणून पुठ्ठा. पूर्ण वाळू द्या, ओल्या रंगावर मत बनवू नका.

मग हे पुठ्ठे खोलीतल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात उभे करा, खालची कड फरशीला टेकवून. सकाळी नऊला बघा, दुपारी तीनला बघा, रात्री दिवा लावून बघा. हिरवट कोटा फरशी असेल, लाल कोबा असेल, सागवानी दार असेल, तर त्यांच्याशेजारी नेऊन बघा. पिवळ्या सागाजवळ राखाडी अधिक निळा वाटतो. दोन दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्हालाच कळेल की एक पुठ्ठा नजरेला टोचत नाही आणि दुसरा टोचतो.

रंग पक्का झाला की हिशेब करून एकदाच आणा. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीच्या भिंती चारशेचाळीस चौरस फूट होतात, त्यातून दार-खिडकी वजा करा आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाने भागा. यंत्रात बनवलेला रंग दुकानदार परत घेत नाही. डबे एकाहून जास्त असतील तर मोठ्या बादलीत एकत्र मिसळून घ्यायला सांगा, म्हणजे भिंतीभिंतींत फरक पडणार नाही. झाकणावरची कोडची चिठ्ठी जपून ठेवा, पुढे डागडुजीला ती लागते. आणि मुहूर्त? दिवाळी ते आखाजीच्या मधला काळ उत्तम. कानबाईसाठी घर सजवायचे असेल तरी रंगाचे काम पावसाआधी उरकावे. ओल्या भिंतीवर दिलेल्या प्लास्टिक पेंटचे पोपडे निघतात, चुन्यासारखा तो श्वास घेत नाही.

ठरवायचे कोणी?

शेवटी एक मनातले सांगते. घराचे मोठे निर्णय पैसे देणाऱ्याने घ्यावेत अशी आपल्याकडे पद्धत. रंगाच्या डब्याचे पैसे कोण देतो हे खरेच आहे. पण ह्या भिंतींवर सकाळी नऊचा उजेड कसा पडतो, दुपारी तीनला कोणती खोली तापते, माजघरात किती वाजता दिवा लावावा लागतो, आजी कोणत्या वळणावर भिंत धरतात, हे कोणाला माहीत असते? दिवसभर घरात असणारीला. हे ज्ञानच आहे, नुसती हौस नव्हे. तेव्हा 'कोणताही द्या लावून' असे कोणी म्हणाले तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. दोन पुठ्ठे माजघरात उभे करा. ह्यांना संध्याकाळी चहाचा कप हातात देऊन तिथे बसवा, आजींनाही बोलवा, मुलांनाही विचारा. कार्डावर जो फरक कोणाला दिसत नव्हता, तो तिथे न सांगता दिसेल.